पिलसुनच्या घराचं उघडं दार

‘ओली पावलं’ या मालिकेचा दुसरा सीझन येणार, ही बातमी नोलमोक गावात पोचली तेव्हा ग्वाक पिलसुन सुक्या मांदेलीची डोकी मोडत बसली होती. गावातल्या म्हाताऱ्या हिवाळ्यात दुपारच्या एकत्र बसत त्या खोलीची जमीन खालून दिलेल्या आचेनं छान तापलेली होती. मधोमध मासळीची पाटी, भोवती सात-आठ बायका. टीव्हीवर बातमी लागली आणि सगळ्यांनी एकच गलका केला. कुणी टाळ्या वाजवल्या. पिलसुनच्या बोटांत एक मासा चुरडला गेला. तिनं तो गुपचूप पदराआड टाकावा तसा गुडघ्याखाली सरकवला आणि दुसरा उचलला.

पहिला सीझन आदल्या वर्षी लागला होता. वादळात बुडालेला तरुण नावाडी आणि मागे राहिलेली त्याची बायको, अशी ती गोष्ट. बायको भरतीच्या वेळी नवऱ्याचे रबरी जोडे दारापुढच्या पायरीवर काढून ठेवायची, आणि तो यायचा. अंगातून पाणी निथळत, अनवाणी, लाकडी ओटीवर ओली पावलं उमटवत यायचा. त्या दोघांसाठी म्हणे अख्खा देश रडला. नोलमोकच्या बायका तर टॉवेल घेऊनच टीव्हीसमोर बसायच्या. पिलसुनही बसायची. बसली नसती तर ‘का गं?’ म्हणून विचारलं असतं कुणीतरी. तो देखणा नट फाटकातून आत आला की बायकांचे डोळे भरून यायचे आणि पिलसुनची नजर दाराकडे जायची.

‘‘वहिनी, आपला दादा असाच आला तर हो?’’ तिची नणंद मालनिम दर वेळी म्हणायची आणि नाक पुसायची.

पिलसुन मान खाली घालून टॉवेल पिळत राहायची. बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या. बघा, इतकी वर्षं झाली, तरी बिचारीचा जीव अजून त्याच्यातच आहे.

पिलसुन मूळची डोंगराकडची. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन नोलमोकला आली तेव्हा. नवरा बांग दुशिक मांदेलीच्या बोटीवर होता. बंदरावर त्याच्यासारखा माणूस नाही, असं सगळे म्हणायचे. जाळं ओढताना गायला लागला की दमलेल्या माणसांना हुरूप यायचा. कुणाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला हा पुढे. असा बाहेर सगळ्यांचा लाडका आणि घरात पाऊल टाकलं की वेगळाच. पहिल्यांदा मारलं ते सूप गार झालं म्हणून. पुढे कारण लागेनासं झालं. एकदा वारं फार सुटलं होतं म्हणून तिनं दाराला कडी घातली. तो आला, दार लागलेलं पाहिलं. त्यानं आधी कडी मोडली आणि मग तिच्या खांद्याचं हाड. त्यानंतर त्या घराच्या दाराला कडी कधी बसलीच नाही.

आणि तो यायचा तोही चाहूल न देता. बोटीवरचे बूट गल्लीच्या तोंडाशीच काढायचा आणि अनवाणी यायचा. बायको काय करते ते गाठायचं असायचं त्याला. ओटीच्या फळीवर ओलं पाऊल टेकल्याचा तो ‘चप्प’ असा आवाज. तो आला की पिलसुन हातातलं टाकून उठून उभी राहायची.

मग एका पानगळीत वादळात बोट गेली. चौघांची प्रेतं मिळाली, दुशिकचं नाही. गावानं रीत केली. देवऋषीणबाई आली, तिनं पितळी वाडग्यात भात भरला, पांढऱ्या लांब कापडाला बांधून तो पाण्यात सोडला. बुडालेल्याचा आत्मा वर आला तर भातात त्याचा केस सापडतो. वाडगं वर ओढलं तेव्हा सगळा धक्का श्वास रोखून बघत होता. भात जसाच्या तसा होता.

‘‘हा आला नाही,’’ देवऋषीण म्हणाली. ‘‘त्याच्या मनात येईल तेव्हा आपला आपण येईल.’’

सगळ्यांनी हंबरडा फोडला. लहानग्या मुलीला, मियोंगला, कडेवर घेऊन पिलसुन उभी होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट येत होती. म्हणजे तो येणार आहे.

त्यानंतरही तिनं दाराला नवी कडी बसवली नाही. बसवली आणि तो आला तर? मियोंग मोठी झाली, उल्सान शहरात नोकरीला गेली, तिकडेच तिचं लग्न झालं. पिलसुन एकटी राहिली. दार तसंच लोटलेलं राहिलं. गावानं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. बुडालेल्या नवऱ्यासाठी दार उघडं ठेवणारी बायको म्हणून तिची कीर्ती झाली. गावं दाखवणाऱ्या एका कार्यक्रमाचे लोक आले होते, त्यांना गावप्रमुखानं तिच्या दारापुढे उभं करून ही कथा सांगितली. पिलसुन मान खाली घालून उभी होती. लाजली, असं ते समजले.

त्या कार्यक्रमामुळेच पुढचं सगळं झालं.

बातमीनंतर थोड्याच दिवसांत गावप्रमुख एका तरुण बाईला घेऊन आला. तिचं नाव ह्वांगबो सुलगी. शूटिंगसाठी जागा शोधणं हे तिचं काम. केस वर बांधलेले, पायात चिखलाचे बूट, बोलणं भरभर.

‘‘आजी, पहिला सीझन आम्ही स्टुडिओत उभारलेल्या घरात केला,’’ ती ओटीवर बसत म्हणाली. ‘‘पण आमच्या दिग्दर्शकांना आता खरं घर हवंय. तुमची गोष्ट ऐकली आणि ते म्हणाले, दुसरं घर बघूच नका.’’

‘‘माझी कसली गोष्ट?’’ पिलसुन म्हणाली. ‘‘घर पडायला आलंय. कौलं गळतात.’’

‘‘गळू देत की! आम्हाला गळकंच हवंय.’’

गावप्रमुख हसला. ‘‘मियोंगची आई, आता नाही म्हणू नका. गावात बस येते ती दिवसातून दोनदा, त्यातही ड्रायव्हर आणि त्याचा डबा एवढेच असतात. शूटिंग झालं की माणसं येतील बघायला. दुशिकदादा असते तर त्यांनीच पहिली उडी मारली असती.’’

तेवढ्यात मालनिम आलीच. शेजारचंच घर तिचं, मधे एक भिंत. ‘‘वहिनी, विचार कसला करताय? चार दिवस माझ्याकडे राहा. दादाचं घर टीव्हीवर दिसणार!’’

पिलसुननं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटल्यावर का नाही ते सांगावं लागलं असतं, आणि ते तिनं पोटच्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं.

‘‘बघा तुम्हीच,’’ ती म्हणाली. गावप्रमुखानं तो होकार धरला.

वसंताच्या तोंडावर गाड्या आल्या. पिलसुन मालनिमकडे राहायला गेली. भिंतीपलीकडून ठोकाठोक ऐकू यायची. सुलगीनं गावातल्या जुन्या माणसांना विचारून विचारून ते घर तीस-एक वर्षं मागे नेलं. नवा दिवा काढून पिवळा लावला. प्लास्टिकच्या डब्यांच्या जागी मातीचे रांजण आले. मालनिमनं तर हौसेनं जुन्या वस्तूंची आपली पेटीच उघडली होती.

शूटिंगच्या दिवशी सकाळी सुलगी पिलसुनला हाताला धरून घेऊन गेली. ‘‘आजी, बघा तरी. काही चुकलं असेल तर सांगा.’’

पिलसुन फाटकातून आत आली आणि तिथेच थबकली. काहीच चुकलं नव्हतं. चुलीवर तसंच काळं पातेलं होतं. खिडकीला तसाच वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता. आणि स्वयंपाकघराच्या दारालगत, खिळ्याला, काळा मेणकापडी रेनकोट टांगलेला होता. डाव्या बाहीला ठिगळ. ते तिनंच लावलेलं होतं.

‘‘हा… कुठून आला?’’

‘‘मी दिला,’’ मालनिम मागून अभिमानानं म्हणाली. ‘‘दादानं माझ्याकडे वाळत टाकला होता, तो राहिलाच. इतकी वर्षं डांबरगोळ्या घालून जपला.’’

पिलसुन एक पाऊल मागे सरकली. दुशिक नसताना कोट इथे असायचा नाही. कोट खिळ्यावर म्हणजे माणूस घरात. तिनं न कळत आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे अंधार होता.

‘‘आजी, बरं वाटत नाहीये का?’’ सुलगीनं विचारलं.

‘‘नाही, नाही. छान केलंय.’’

दुपारी अंगणावर नळ्यांनी पाऊस पाडला. निम्मं गाव कुंपणाच्या दगडी भिंतीपलीकडे छत्र्या घेऊन उभं होतं. पिलसुनला कुणीतरी मान म्हणून आत घेतलं आणि ओटीच्या कडेला, रांजणांपाशी उभं केलं. कॅमेऱ्यात यायची नाही अशी जागा. नायिका पायरीवर जोडे ठेवून बसली. दिग्दर्शकानं हात वर केला. सगळे गप्प झाले. नुसतं पाणी पडत होतं.

नायिकेकडे बघता बघता पिलसुनला वाटलं, हिला सांगावं. अगं, आत जा. मागच्या दारानं पळ.

आणि तिच्या पाठीमागून, फळीवर, आवाज आला. चप्प.

तो नट होता. त्यानं फाटकातून यायचं ते दिग्दर्शकानं ऐन वेळी बदललं होतं. परसातून ओटीवर यावं, म्हणजे बायकोला चाहूल लागणार नाही, असं ठरलं होतं. पिलसुनला कुणी सांगायचं राहून गेलं. तिनं वळून पाहिलं. काळा कोट, बाहीला ठिगळ, अनवाणी पाय, चेहऱ्यावरून पाणी.

ती खाली बसली. बसली म्हणण्यापेक्षा कोसळली. दोन्ही हात डोक्यावर घेतले, गुडघे पोटाशी ओढले, आणि त्या गप्प अंगणात तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

‘‘करते, आत्ता गरम करते. मारू नका हो. कडी लावली नव्हती मी. बघा, लावली नव्हती. पोरगी झोपलीय, पोरीसमोर नको.’’

पाऊस बंद करायचंही कुणाला सुचेना. तो नट, पंचविशीचाही नसेल, तिच्यासमोर चिखलात गुडघ्यांवर बसला. त्याचाच चेहरा पांढराफटक पडला होता. ‘‘आजी, मी तो नाही. आजी, बघा ना माझ्याकडे. मी नुसता काम करतो हो.’’ हात लावायला तो पुढे झाला तशी ती आणखी आक्रसली. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्यानं तो कोट ओढून काढला आणि लांब भिरकावला.

भिंतीपलीकडून गावप्रमुखाचा हसण्याचा प्रयत्न ऐकू आला. ‘‘वय झालं की असं होतं. काहीबाही बोलतात.’’ पण त्याच्याबरोबर दुसरं कुणी हसलं नाही.

मालनिमनं तिला उठवलं आणि आपल्या घरी नेलं. दार लावलं. चुलीपाशी बसवलं. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सगळ्या गावासमोर, वहिनी? टीव्हीवाल्यांसमोर? मेलेल्या माणसाची अब्रू घेतलीत तुम्ही!’’

पिलसुननं चुलीत एक लाकूड सरकवलं.

‘‘असा नव्हता माझा दादा. तापट होता, कोण नसतं? माझं लग्न त्यानं लावून दिलं, मला…’’ तिनं हातातलं झाकण आदळलं, पायांत चपला सरकवल्या आणि तरातरा निघून गेली.

पिलसुन तिथेच बसून राहिली. आता तिला वेगळीच भीती वाटायला लागली. मालनिम घरात घेणार नाही. बायकांच्या खोलीत आपल्याला जागा उरणार नाही. वाटेत कुणी बोलणार नाही. आणि त्याच्याही पलीकडे, सगळ्यांत खाली, जुनी भीती होती: मी तोंड उघडलं, हे त्याला कळलं असेल. चुलीतला निखारा फुटला तरी ती दचकत होती.

दिवस कलायला लागला तेव्हा मालनिम परत आली. तिच्या काखेत चिखलानं भरलेला तो कोट होता. तिनं तो जमिनीवर टाकला. पिलसुन भिंतीला जाऊन टेकली.

मालनिम तिच्याकडे न बघता बोलली. ‘‘मधली भिंत किती पातळ आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?’’

‘‘वन्सं…’’

‘‘मी रेडिओ मोठा करायचे,’’ मालनिम म्हणाली. तिनं कात्री घेतली आणि तो जाडजूड कोट कापायला बसली. मेणकापड कापता कापेना. ती रडत होती आणि शिव्या घालत होती, कात्रीला, कोटाला, स्वतःला. पिलसुन बराच वेळ बघत राहिली. शेवटी पुढे सरकली आणि तिनं कोटाचं दुसरं टोक ताणून धरलं.

दुसऱ्या दिवशी सुलगी आली. गुडघे टेकून तिनं माफी मागितली. राहिलेलं शूटिंग स्टुडिओतच करायचं ठरलं होतं. सामान उचलून, घर होतं तसं करून देतो म्हणाली. ‘‘आजी, मीच तुम्हाला नीट विचारायला हवं होतं.’’

‘‘विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं,’’ पिलसुन म्हणाली. मग तिनं विचारलं, ‘‘ती पोरगी, ती नायिका. तिला कुणी सांगतं का, की तो आल्यावर काय होईल?’’

सुलगीनं पिलसुनचा हात हातात घेतला आणि तशीच बसली.

गाव मात्र दुभंगलं. गावप्रमुख वाटेत दिसला की आभाळाकडे बघायचा. दुशिकबरोबर बोटीवर असलेले म्हातारे म्हणाले, मेलेला उत्तर द्यायला येत नाही म्हणून काहीही बोलायचं का? बायकांच्या खोलीत पिलसुन गेली की बोलणं थांबायचं. मालनिम तिच्या शेजारी मुद्दाम ऐसपैस बसायची आणि मोठ्यानं म्हणायची, ‘‘काय गं, सगळ्यांच्या जिभेला फोड आले का आज?’’

पानगळ आली. दुशिकचं श्राद्ध जवळ आलं. वर्षातला हा दिवस पिलसुनला सगळ्यांत वाईट. पानं वाढायची, दारू ओतायची, आणि मग मृताला आत येता यावं म्हणून दार सताड उघडायचं, अशी रीत. दर वर्षी ती दार उघडून पाठ भिंतीला लावून उभी राहायची आणि उदबत्ती संपेपर्यंत तिला घाम फुटलेला असायचा.

मालनिम आदल्या दिवशी आली. ‘‘वहिनी, यंदा पान माझ्या घरी वाढायचं. भाऊ माझा आहे. यायचं तर माझ्या दारानं येऊ दे त्याला. मला दोन शब्द बोलायचेत त्याच्याशी.’’

‘‘असं चालतं का?’’

‘‘कोण विचारणार? गावप्रमुख? त्याला म्हणावं, तू ये जेवायला.’’ मग खिशातून तिनं कागदात गुंडाळलेलं काही काढलं. पितळी कडी, चार खिळे. ‘‘हातोडी आहे ना घरात?’’

कडी दोघींनी मिळून ठोकली. वाकडीच बसली. श्राद्धाच्या संध्याकाळी मालनिम आपल्या घरी गेली आणि पिलसुननं दार लावून घेतलं. कडी वाकडी बसलेली, पहिल्यांदा ती जागेवर जाईचना. लावली. मग पुन्हा काढली. पुन्हा लावली. खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, रजई अंगावर ओढून ती बसली आणि दाराकडे बघत राहिली. खांद्याचं जुनं हाड ठणकत होतं. आता येईल. आता कडी मोडेल. भिंतीपलीकडून मालनिमचा आवाज येत होता. आधी मंत्र पुटपुटल्यासारखा, मग चढत गेलेला, भांडणाचा. शब्द कळत नव्हते. एकदा मात्र स्पष्ट ऐकू आलं: ‘‘जेव आणि जा! तिकडे पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे!’’

कुणी आलं नाही.

बऱ्याच वेळानं दार वाजलं.

‘‘वहिनी, मी.’’

‘‘कोण मी?’’

‘‘मालनिम! पोळतोय हात, ताट गरम आहे!’’

‘‘एकट्याच आहात?’’

मग मालनिम हळूच म्हणाली, ‘‘एकटीच आहे. बघून आले मी गल्लीच्या तोंडापर्यंत.’’

दोघींनी श्राद्धाची धिरडी खाल्ली, नासपती चिरली. पिलसुन दर घासाला दाराकडे बघत होती. मालनिमनं तिला थट्टेनंसुद्धा टोकलं नाही.

‘ओली पावलं’चा दुसरा सीझन त्याच हिवाळ्यात लागला. पिलसुननं तो पाहिला नाही. मालिका सुरू झाली त्या आठवड्यात तिनं मियोंगला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः होऊन म्हणाली, ‘‘मला तुझ्याकडे यायचंय काही दिवस.’’

मियोंग बस स्टँडवर घ्यायला आली. तिचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. त्या रात्री आईच्या अंथरुणाशेजारी अंथरूण घालताना ती म्हणाली, ‘‘मालनिमआत्यानं फोन केला होता. सगळं सांगितलं.’’

पिलसुन उशीचा अभ्रा सारखा करत राहिली.

‘‘आई, मी झोपलेली नसायचे गं,’’ मियोंग म्हणाली.

पिलसुननं दिवा बंद करू दिला नाही. तशाच उजेडात दोघी पडून राहिल्या. लिफ्टचा आवाज झाला की पिलसुन मान उचलायची, आणि मियोंग दर वेळी सांगायची, कोणत्या मजल्यावर थांबली ते.